वाचकांचे प्रश्न : स्कॅनर लावला, पण गाडी बोलतच नाही

या वेळी बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की स्क्रीनवर ‘कम्युनिकेशन एरर’ येतं, आणि मग कुणीतरी लगेच सांगतं की ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेला, बदला. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच. आणि आधीच सांगून टाकतो, माझा ईसीएमवर संशय सगळ्यात शेवटी जातो, कारण त्याच्या आधी फ्यूज, अर्थ, पिन, वायर, भलतंच कुठलंतरी युनिट आणि खुद्द स्कॅनर एवढे सगळे रांगेत उभे असतात, आणि त्यातले बहुतेक गाडी न खोलता तपासता येतात.

प्रश्न : दादा, स्कॅनर सॉकेटला लावला तर त्याचा दिवाच लागत नाही. तोच स्कॅनर मित्राच्या गाडीवर मस्त चालतो. माझी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, चालायला काही त्रास नाही. सॉकेट बदलायला लागेल का?

उत्तर : सॉकेटचं नंतर बघू, आधी सांगा तुमच्या गाडीत मोबाइल चार्ज होतोय का? म्हणजे सिगरेट लायटरच्या भोकात करंट आहे का? हसू नका. बऱ्याच गाड्यांमध्ये ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावतो त्याच सॉकेटच्या, १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा जो करंट येतो तो लायटर सॉकेट, आतला दिवा नाहीतर म्युझिक सिस्टिम यांच्याच फ्यूजवरून येतो, आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप किंवा हलका चार्जर लावताना तो फ्यूज कधीतरी उडालेला असतो, कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं कारण गाडी तर चालतीये. फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका, काढून मीटरने तपासा, केसासारखी तडा गेलेली पट्टी दिसत नाही. आणि बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका.

फ्यूज ठीक असेल तर मग सॉकेट. रुंद बाजू वर धरून समोरून बघितलं तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशा पिना असतात. १६ म्हणजे बॅटरी, चावी काढली तरी इथे करंट असायला हवा. ४ म्हणजे बॉडीचा अर्थ, ५ म्हणजे सिग्नलचा अर्थ. आता इथे गंमत अशी की मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं होत नाही, मीटर जवळपास करंटच ओढत नाही त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो बिनधास्त १२ दाखवतो. त्यापेक्षा बल्बवाला टेस्ट लॅम्प १६ आणि ४ मध्ये लावा, मग १६ आणि ५ मध्ये लावा, दोन्ही वेळा सारखाच आणि भरपूर पेटला पाहिजे. मिणमिणता पेटला तर अर्थचा स्क्रू शोधा, बहुतेक डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी रंगावर नाहीतर गंजावर कसलेला सापडेल. फक्त हा टेस्ट लॅम्प ६ आणि १४ नंबरला चुकूनही लावू नका, त्या डेटाच्या लाइनी आहेत.

आणि हो, मीटरची जाड सुई पिनमध्ये घुसवू नका हो. आतली पाकळी पसरते आणि मग उद्या खरंच सॉकेट बदलायला लागतं. ‘कधी लागतो कधी लागत नाही’ अशा निम्म्या तक्रारी मला तरी या पसरलेल्या पाकळ्यांच्याच वाटतात.

प्रश्न : मी ब्लूटूथवाला छोटा डोंगल घेतलाय, ईएलएम३२७ असं लिहिलंय त्याच्यावर. दिवा लागतो, फोनला पेअर होतो, पण अॅपमध्ये ‘अनेबल टू कनेक्ट’. बायकोच्या आयफोनवर तर दिसतच नाही. गाडी खराब की डोंगल?

उत्तर : इथे दोन वेगळी नाती आहेत आणि लोक ती एकत्र करतात. एक फोन आणि डोंगलचं, दुसरं डोंगल आणि गाडीचं. अॅपमध्ये बहुतेक दोन खुणा असतात, एक अॅडॅप्टरची आणि एक ईसीयूची म्हणजे गाडीच्या कंप्युटरची, त्यातली कुठली अडकलीये ते आधी बघा. अॅडॅप्टरच सापडत नसेल तर गाडीचा काही संबंध नाही, फोनमध्ये बघा, दुसरं एखादं अॅप मागे चालू राहून डोंगल धरून बसलेलं असतं, किंवा लोकेशनची परवानगी दिलेली नसते. आयफोनचं म्हणाल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल त्याला सहसा चालतच नाही, त्याला ब्लूटूथ लो एनर्जीवाला किंवा वायफायवाला लागतो, तेव्हा वहिनींच्या फोनला दोष देऊ नका. लो एनर्जीवाला असेल तर फोनच्या सेटिंगमधून पेअर करायचा नाही, थेट अॅपमधूनच जोडायचा. वायफायवाल्यात बहुतेक पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो, आणि तिथे फोन ‘या वायफायला इंटरनेट नाही’ असं म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर जातो, म्हणून डेटा बंद करून बघा.

अॅडॅप्टर जोडला गेला पण ईसीयू नाही, तर चावी ऑन आहे का? बटणवाल्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबून इग्निशनपर्यंत आणायचं असतं, नुसत्या अॅक्सेसरीवर इंजिनचा ईसीएम झोपलेला असतो. आणि मग येते नकली चिपची गोष्ट. ईएलएम३२७ ही मूळ चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, त्या कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी बाजारात ‘व्ही १.५’चे ढीग आहेत, आणि ‘२.१’ लिहिलेल्यांपैकी पुष्कळ तर काही कमांड अर्धवटच समजतात. नकली म्हणजे लगेच निकामी असं नाही, माझ्याकडेही असले पडलेत आणि साधे कोड वाचायला चालतात. पण तो कॅनवाल्या (डेटा दोन वायरींवरून जातो त्या) नव्या गाडीवर चालेल आणि जुन्या के-लाइनवाल्या (डेटा एका वायरीवरून जातो त्या) गाडीवर तोंड फिरवेल असं नेहमी होतं. म्हणून निकाल लावायचा सरळ मार्ग, हा डोंगल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या गाडीवर लावा आणि दुसरा डोंगल तुमच्या गाडीवर लावा. दोन मिनिटांत कळेल खोट कुणात आहे.

प्रश्न : सर, गाडी सेल्फ घेते पण सुरू होत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर एबीएस उघडतो, एअरबॅग उघडतो, इंजिन मात्र ‘नो रिस्पॉन्स’. त्यांनी सांगितलं ईसीएम डेड, जुना मिळवून टाकू. टाकू का?

उत्तर : थांबा. आधी तुमच्या पत्रातलीच चांगली बातमी सांगतो. एबीएस आणि एअरबॅग उघडतात म्हणजे स्कॅनर ठीक, सॉकेट ठीक, आणि डेटाच्या लाइनीचा निदान तेवढा भाग तरी ठीक. गप्प आहे तो एकटा ईसीएम, किंवा त्याच्यापर्यंत जाणारी फांदी. आता कुणी गप्प बसलं म्हणजे मेलंच असं नाही, त्याला करंटच मिळत नसेल तर तो बोलणार कसा?

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा येतो का बघा. येतच नसेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ ईसीएमला सप्लाय नाही असा निघतो (सगळ्यांना लागू नाही, काही गाड्यांत डॅशबोर्डचा मीटर तो दिवा स्वतःच लावतो, पण खूण म्हणून चांगली आहे). मग त्या गाडीचा वायरिंग डायग्राम काढा आणि ईसीएमच्या कपलरवर जा. त्याला साधारण तीन प्रकारचा करंट लागतो, एक कायमचा बॅटरीवरून, एक चावीवरून, आणि एक मेन रिलेमधून येणारा, आणि अर्थ तर दोन-तीन किंवा जास्तच असतात. मेन रिले ‘टक’ करतो म्हणून तो करंट पुढे देतोच असं समजू नका, आतले पॉइंट जळलेले असतात. इथेही परत टेस्ट लॅम्पच, ईसीएमच्या पॉवर पिन आणि ईसीएमच्याच अर्थ पिनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकदम तपासल्या जातात. अर्थ वेगळा बघायचा असेल तर लोड असताना अर्थ पिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा, ०.१ व्होल्टच्या वर गेला तर तो अर्थ मला चालणार नाही.

सप्लाय आणि अर्थ पक्के निघाले तरी अजून ईसीएमला हात लावायचा नाही. आता ५ व्होल्ट बघायचे. ईसीएम सेन्सरना ५ व्होल्टचा सप्लाय देतो, आणि कुठलाही एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर घासून बॉडीला टेकली की ते ५ व्होल्ट बसतात, आणि काही गाड्यांत त्या धक्क्याने ईसीएम सुरूच होत नाही, स्कॅनरला उत्तर देत नाही, गाडीही सुरू होत नाही. म्हणजे चित्र अगदी डेड ईसीएमचं. मग एखाद्या सोप्या सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतात का बघा, नसतील तर मीटर तसाच लावून ठेवून एकेक सेन्सर काढत जा, एसीचा प्रेशर सेन्सर, रेल प्रेशर, क्रँक, कॅम, अॅक्सिलरेटर, जो काढल्यावर ५ व्होल्ट परत उभे राहतात तो चोर. एसीच्या प्रेशर सेन्सरकडे लोक बघतच नाहीत, इंजिन सुरू होण्याशी त्याचा काय संबंध म्हणून. संबंध वायरचा आहे ना. सगळे काढूनही ५ आले नाहीत तर वायरिंग, आणि ईसीएमकडची वायर सोडवूनही पिनवर ५ नाहीत तेव्हा कुठे मी म्हणेन की हां, आता ईसीएमबद्दल बोलू.

आणि जुना ईसीएम ‘मिळवून टाकू’ हे इतकं सोपं नसतं. इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ईसीएम चावी ओळखत नाही, कोडिंग करावं लागतं, काहींचं होतं काहींचं होत नाही. मग जुना टाकून गाडी सुरू झाली नाही की परत म्हणायला मोकळे, हाही डेड निघाला.

प्रश्न : एकही मॉड्यूल (युनिट) उघडत नाही. सॉकेटला करंट आहे, अर्थ आहे, स्कॅनर दुसऱ्या गाडीवर चालतो. डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागलेत, स्टीअरिंग जड झालंय, काटे मधूनच पडतात. सुरुवात कुठून करू? मी स्वतः गॅरेजमध्ये काम करतो, मीटर वापरता येतो.

उत्तर : मीटर वापरता येतो म्हणालात ते बरं झालं, आता मोकळेपणाने लिहितो. हे सगळे दिवे एकदम लागणं म्हणजे आठ पार्ट एकाच दिवशी गेलेले नाहीत, त्यांची एकमेकांशी बोलायची लाइन बसलीये. कॅन ही दोन वायरींची पिळलेली जोडी असते, एक कॅन हाय, एक कॅन लो, सॉकेटवर ६ आणि १४. सगळी युनिटं याच जोडीवर लटकलेली असतात, म्हणून एकाने जरी ती खाली ओढून धरली तरी बाकीच्यांची बोलती बंद. भरल्या बैठकीत एकजण भोंगा वाजवत बसला तर कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, तसं. आणि भोंगा वाजवणारा नेमका तो नसतो ज्याचा दिवा डॅशवर लागलाय.

पहिली चाचणी करंट बंद करून. बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि ६ व १४ मध्ये ओहम मोजा. लाइनीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही समांतर म्हणून ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय किंवा एका टोकाचं युनिट जोडलेलंच नाही. ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, बहुतेक चुकीचं युनिट बसवल्यामुळे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात, वायरमध्ये नाहीतर एखाद्या युनिटच्या आत. बॅटरी जोडलेली ठेवून हा ओहम मोजू नका, आकडा भलताच येतो आणि मग दिवसभर नसलेला दोष शोधत बसता.

पण ६० आला म्हणून सुटलो असंही नाही, आणि इथे भलेभले फसतात. रेझिस्टर हा नुसता रेझिस्टर आहे, युनिट मेलेलं असलं, त्याला करंट नसला तरी मीटर ६० च दाखवणार. शिवाय मधल्या एखाद्या फांदीवरचं युनिट तुटून लोंबकळत असलं तरी ६० च. म्हणजे ६० चा अर्थ फक्त एवढा की मुख्य लाइन टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे आणि दोन वायरी एकमेकींत शॉर्ट नाहीत. बॉडीला शॉर्ट आहे का ते यात कळतच नाही, त्यासाठी ६ ते अर्थ आणि १४ ते अर्थ वेगवेगळं मोजावं लागतं.

दुसरी चाचणी बॅटरी जोडून, चावी ऑन. कुणी बोलत नसताना दोन्ही वायरी २.५ व्होल्टवर असतात, कुणी बोललं की हाय ३.५ कडे आणि लो १.५ कडे जाते, हे इतक्या वेगाने होतं की मीटर फक्त सरासरी दाखवतो, म्हणून चालू लाइनीवर हाय २.५ च्या किंचित वर आणि लो किंचित खाली दिसते, दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ. दोन्ही अगदी सारख्या, २.५ ला चिकटलेल्या आणि हलतच नाहीत तर एकतर कुणी बोलतच नाहीये किंवा दोन्ही वायरी एकत्र टेकल्यात. एखादी ० वर तर बॉडीला शॉर्ट. एखादी ५ च्या बरीच वर, बॅटरीच्या जवळ, तर कुठल्यातरी १२ व्होल्टच्या वायरला टेकलीये. चावी बंद करून मोजलंत आणि दोन्ही ० आल्या तर घाबरू नका, गाडी झोपलीये.

आता चोर शोधायचा. मीटर सॉकेटवरच लावून ठेवा आणि एकेक युनिट काढत जा, काढताक्षणी व्होल्टेज जागेवर आलं किंवा स्कॅनर बोलायला लागला की तो सापडला. क्रम कुठला, तर आधी जे बाहेरून नंतर बसवलंय ते, ट्रॅकर, अलार्म, रिमोट स्टार्ट, स्टीरिओ. मग जिथे पाणी जातं तिथलं, पुढच्या सीटखालचं, डिकीतलं, व्हीलजवळचं एबीएस. मग ज्याच्यावर नुकतंच काम झालंय ते. ईसीएम सगळ्यात शेवटी. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या युनिटच्या पोटात तो १२० चा रेझिस्टर आहे ते काढलं की ओहम ६० चे १२० होणारच, तो दोष नाही. सगळी युनिटं काढूनही शॉर्ट तसाच राहिला तर हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा, आणि जॉइंट कनेक्टर (लाइनीच्या फांद्या जिथे एकत्र येतात तो कपलर) असलेल्या गाडीत देवाचे आभार माना, तिथून लाइनीचे तुकडे करून अर्धं-अर्धं बाद करत जाता येतं.

वायर सापडली की जोडताना पिळा कायम ठेवा, दोन्ही वायरी लांबवर सुट्ट्या करून टेप मारला की बाहेरचा गोंगाट आत शिरतो. आणि वायरचं कव्हर सुईने भोसकून तपासलं असेल तर ते भोक बंद करा, नाहीतर काही महिन्यांनी तिथेच हिरवट गंज धरतो आणि तोच माणूस परत येतो.

प्रश्न : कोड आले यू०१०० आणि यू०१२१. गाडी एकदम छान चालतीये. कोणता पार्ट बदलू?

उत्तर : कोणताच नाही. यू०१०० म्हणजे ‘इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला’ आणि यू०१२१ म्हणजे ‘एबीएसशी संपर्क तुटला’. हे कोड ज्याने नोंदवले तो तक्रारदार आहे, आणि ज्याच्याबद्दल नोंदवले तो काही वेळ गैरहजर होता, एवढंच. मध्ये बॅटरी उतरली होती का, जंप स्टार्ट दिला होता का, बॅटरी काढून लावली का? सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की युनिटं क्षणभर बंद पडतात आणि बाकीचे लगेच तक्रार लिहून ठेवतात. कोड लिहून ठेवा, काढून टाका, आठवडाभर चालवा. परत आले तरच पुढे.

परत आले तर सगळ्या युनिटांचे कोड वाचा आणि कागदावर मांडा, कोण कुणाबद्दल तक्रार करतंय. सगळेच एकाचं नाव घेत असतील तर त्याचा सप्लाय, अर्थ आणि फांदी बघा. अर्धे इकडचे तिकडच्यांचं आणि तिकडचे इकडच्यांचं नाव घेत असतील तर लाइन मधेच कुठेतरी तुटलीये, आणि डायग्रामवर ती जागा जवळपास बोट ठेवून दाखवता येते. यू००७३ म्हणजे बस ऑफ, तो आला तर वरचं उत्तर वाचा. युनिटच्या स्वतःच्या पाठवण्यात चुका होत गेल्या की त्याचा चुकांचा आकडा वाढत जातो, २५५ च्या वर गेला की ते स्वतःहून लाइन सोडतं, म्हणजे ते युनिट खराब असेलच असं नाही, वायर खराब असली तरी हेच होतं.

प्रश्न : माझ्या स्कॅनरवर इंजिन उघडतं पण एबीएस आणि एअरबॅग उघडत नाही. बिघाड कुठे आहे?

उत्तर : बहुतेक कुठेच नाही. साध्या ओबीडीची सक्ती धुराशी संबंधित गोष्टींपुरती आहे, म्हणजे इंजिन आणि बऱ्याचदा गिअरबॉक्स. एबीएस, एअरबॅग, बॉडी हे प्रत्येक कंपनीच्या आपापल्या भाषेत बोलतात, त्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. डॅशवर एबीएसचा दिवा नसेल तर झोपा शांतपणे.

प्रश्न : जुनी गाडी आहे. नवीन स्टीरिओ बसवल्यापासून स्कॅनर लागत नाही. स्टीरिओवाला म्हणतो त्याचा काही संबंध नाही.

उत्तर : संबंध असू शकतो, आणि चांगलाच. तुमची गाडी कॅनच्या आधीची असेल तर स्कॅनर ७ नंबरच्या पिनवरून, के-लाइनवरून बोलतो. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत ही के-लाइन स्टीरिओच्या मागच्या आयएसओ कपलरमध्येही आणलेली होती, कारण कंपनीचा स्टीरिओसुद्धा स्कॅनरशी बोलायचा. बाहेरचा स्टीरिओ त्या पिनकडून भलतंच काहीतरी अपेक्षित ठेवतो आणि लाइन बसते. स्टीरिओ मागून काढा, स्कॅनर लावा, लागला तर ती एक वायर कपलरमधून काढून नीट इन्सुलेट करून टाका, गाणी चालू राहतील.

दुसऱ्या कंपनीची असेल तरी तपास तोच. चावी ऑन, ७ नंबर आणि अर्थ, स्कॅनर बोलत नसताना बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं. ० दिसलं तर कुणीतरी खाली ओढतंय. आणि जुन्या गाडीवर स्कॅनरला जरा वेळ द्या. त्यातल्या एका पद्धतीत सुरुवातीचा पत्ता सेकंदाला ५ बिट या गतीने जातो, म्हणजे नुसती हाक मारायलाच २ सेकंद, मग उत्तर, मग पुढचं. लोक तेवढ्यात चावी बंद करतात. ऑटोमध्ये सापडत नसेल तर प्रोटोकॉल हाताने निवडून बघा, आयएसओ ९१४१ नाहीतर केडब्ल्यूपी. आणि अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून, युरोपात पेट्रोलला २००१ आणि डिझेलला २००४ पासून ओबीडी सक्तीची झाली, त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट १६ पिनचंच दिसतं पण आत भाषा वेगळी असते, तिथे साधा स्कॅनर कितीही वेळ लावा, उपयोग नाही.

प्रश्न : नवीन गाडी आहे. कोड वाचता येतात पण काढता येत नाहीत, अॅक्च्युएटर टेस्ट (स्कॅनरवरून एखादा पार्ट चालवून बघणं) तर होतच नाही. आणि ६ व १४ मध्ये ६० ओहमही येत नाही.

उत्तर : गेटवे. नव्या गाड्यांत सॉकेट थेट सगळ्या युनिटांना जोडलेलं नसतं, मध्ये एक गेटवे म्हणजे निरोप इकडून तिकडे देणारं युनिट बसतं, तुम्ही मोजताय ती फक्त सॉकेट ते गेटवे एवढी छोटी लाइन, तिचा आकडा कंपनीने जसा ठेवलाय तसा येणार, आतल्या लाइनींबद्दल तो काहीच सांगत नाही. आतलं मोजायचं तर गेटवेपाशी जा. आणि वाचता येतं पण लिहिता येत नाही हे सिक्युरिटी गेटवेचं लक्षण आहे, फियाट-क्रायस्लरने २०१८ च्या सुमारास हे सुरू केलं, आता इतरही करतात. तिथे स्कॅनरची नोंदणी आणि लॉगिन लागतं. दोष नाही, कुलूप आहे. काही एकदम नव्या गाड्या तर इथरनेटवरून बोलतात, ३, ११, १२, १३ या पिना आणि जागं करायला ८, तिथे जुनं इंटरफेस ढिम्म बसून राहणार.

प्रश्न : ट्रॅकर आणि स्कॅनर दोन्ही स्प्लिटर लावून एकत्र चालवू का? मधूनच तुटतं.

उत्तर : नका. दोघेही एकाच वेळी प्रश्न विचारतात आणि आलेलं उत्तर नेमकं कुणाच्या प्रश्नाचं हे दोघांनाही कळत नाही. स्कॅन करताना ट्रॅकर काढा, आणि असल्या स्प्लिटरच्या पिना ढिल्या असतात ते वेगळंच.

प्रश्न : मी ऑटोमोबाइलची विद्यार्थिनी आहे. गॅरेजमध्ये एक ट्रक आला, गोल ९ पिनचं सॉकेट, आमचा स्कॅनर लागलाच नाही. अॅडॅप्टर लावून चालेल का? आणि दुचाकीचं काय?

उत्तर : ताई, अॅडॅप्टरच्या आधी स्कॅनरच्या मागचं लेबल वाचा. बरेचसे ट्रक २४ व्होल्टचे असतात आणि फक्त १२ व्होल्टचा स्कॅनर तिथे लावला तर तोच जळेल, गाडीचं काही होणार नाही. २४ चालतो असं लिहिलं असेल तर पुढे. या ट्रकांची भाषाही वेगळी असते, जे१९३९, त्यामुळे नुसता अॅडॅप्टर लावून कारचं सॉफ्टवेअर चालवलं तर सॉकेट बसेल पण बोलणं होणार नाही. काळं सॉकेट असेल तर वेग २५० केबीपीएस, हिरवं असेल तर ५००. हिरवी केबल दोन्हीत बसते, काळी केबल हिरव्या सॉकेटमध्ये बसतच नाही, ते मुद्दाम तसं केलंय, म्हणून जोर लावू नका. तपासायची पद्धत मात्र कारसारखीच, ‘बी’ला बॅटरी, ‘ए’ला अर्थ, ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे कॅन हाय आणि लो, बॅटरी सोडवून या दोघांत तेच ६० ओहम.

दुचाकीत आता बऱ्याच ठिकाणी ६ पिनचं लाल सॉकेट येतं, त्यासाठी ६ ते १६ पिनची केबल मिळते. ती घेताना एकदा मीटरने कुठली पिन कुठे जाते ते स्वतः तपासून घ्या, केबलवर काय छापलंय त्यावर जाऊ नका. जुन्या दुचाकीत प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, तिथे सर्व्हिस मॅन्युअल हातात घेतल्याशिवाय काहीच लावू नका.